बिझीबॉक्स की टॉयबॉक्स? सोर्सवरून बांधायचं ठरवलेल्यांसाठी

अंबड-सातपूरच्या गाळ्यात जुळणारं कंट्रोल पॅनेल असो की दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या प्री-कूलिंग खोलीत तापमान नोंदणारा डबा, आत लिनक्सचा छोटा बोर्ड असला की बिझीबॉक्स घ्यायचा की टॉयबॉक्स, हा प्रश्न येतोच. दोन्हींमध्ये एकाच बायनरीत, म्हणजे चालवायच्या एका फाइलीत, लिनक्सच्या ढीगभर कमांडी असतात, आणि साध्या लॅपटॉपवर दोन्ही चहा गार व्हायच्या आत कंपाइल होतात. सिमलिंक कशाला, एकच फाइल इतकी कामं कशी करते, हे इथे सांगत बसत नाही. कमांडी मात्र तोंडी सांगतो तशा लिहिल्या आहेत, टर्मिनलवर नेहमीसारख्या टाइप करा.

थोडी वंशावळ, कारण पुढे ती लागणार आहे. बिझीबॉक्स ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास डेबियनच्या बूट फ्लॉपीसाठी लिहिला. लायसन्स जीपीएल, आवृत्ती २. मधला काही काळ तो रॉब लँडली सांभाळत होते. २००६ मध्ये ते बाजूला झाले, काम डेनिस व्लासेंको यांच्याकडे गेलं आणि लँडलींनी टॉयबॉक्स सुरू केला. त्याचं आजचं लायसन्स झिरो-क्लॉज बीएसडी, म्हणजे अट जवळजवळ नाहीच. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून टॉयबॉक्स फोनमध्ये आहे, तुमच्या खिशातही असेल. बिझीबॉक्स अल्पाइन लिनक्समुळे कंटेनरवाल्यांना पाठ झालेला.

आता बांधणी. बिझीबॉक्स १.३६.१ चा टारबॉल अडीच एमबीच्या आसपास. उबंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’ आणि उघडण्यासाठी ‘बीझिप२’ एवढी पॅकेजं पुरतात. ‘मेक डेफकॉन्फिग’ म्हणजे आधीच ठरलेल्या निवडी, मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ करून सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड स्टॅटिक बायनरी’वर खूण, म्हणजे बाहेरच्या लायब्ररी लागत नाहीत, मग ‘मेक’ला डॅश-जे-४ आणि शेवटी ‘मेक इन्स्टॉल’. सगळं सोर्सच्याच फोल्डरात ‘अंडरस्कोर इन्स्टॉल’ नावाच्या डिरेक्टरीत उतरतं. कॉन्फिग-प्रीफिक्सला नुसता स्लॅश देऊन सुडोनं इन्स्टॉल करायचा मोह टाळा. आपल्याच लॅपटॉपचे एलएस, टार, माउंट बिझीबॉक्सच्या लिंकांखाली जातात आणि मग पॅकेज मॅनेजरची स्क्रिप्टसुद्धा कुठल्या तरी न ओळखलेल्या ऑप्शनवर अडते.

हे लिहिलं तितकं सरळ होत नाही. उबंटू २४.०४ वर १.३६.१ डेफकॉन्फिगनं बांधायला घेतला की बरंच कंपाइल झाल्यावर नेटवर्किंग फोल्डरातल्या टीसी डॉट सी फाइलवर येऊन आपटतो: ‘टीसीए-सीबीक्यू-मॅक्स अनडिक्लेअर्ड’. तुमचं काही चुकलेलं नसतं. सीबीक्यू ही जुनी ट्रॅफिक-वाटणीची पद्धत कर्नलमधून आधी काढली गेली, आणि ६.८ मध्ये तिच्या व्याख्या हेडर फाइलींतूनही गेल्या. बिझीबॉक्सची टीसी कमांड त्या अजून मागते. इलाज एका मिनिटाचा: मेन्यूकॉन्फिगमध्ये नेटवर्किंग युटिलिटीजखाली टीसीची खूण काढा आणि पुन्हा मेक करा. तापमान नोंदणाऱ्या डब्याला टीसीचं काहीही काम नसतं. पण जी कमांड आपण जन्मात चालवणार नाही तिच्यापायी अख्खी बांधणी थांबावी, हे पहिल्यांदा चिडवतंच.

दुसरा खडा जीसीसी १४ या कंपायलरचा. डेबियन १३ वर मेन्यूकॉन्फिग म्हणतो की एनकर्सेस सापडत नाही. तुम्ही पॅकेज टाकता, काढता, परत टाकता, तरी तेच. खरी गोष्ट वेगळीच आहे. तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक चिमुकला सी प्रोग्रॅम आहे आणि त्यात ‘मेन’च्या आधी ‘इंट’ लिहिलेलं नाही. जुना कंपायलर नुसता कुरकुरायचा, १४ ती चूक मानतो, आणि स्क्रिप्ट त्याचा अर्थ ‘लायब्ररी नाही’ असा लावते. ‘चेक-एलएक्सडायलॉग डॉट एसएच’ उघडून ‘मेन’च्या आधी ‘इंट’ घाला, मेन्यू उघडतो.

तिसरी गोष्ट बारीक, पण स्क्रिप्टवरून बांधणाऱ्याला रोज बोचते. बिझीबॉक्सची कॉन्फिग यंत्रणा कर्नलच्या जुन्या काळातली, त्यामुळे ‘ओल्डडेफकॉन्फिग’ तिथे नाही. निवडी साठवणारी डॉट-कॉन्फिग फाइल ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडीनं बदलली की ‘ओल्डकॉन्फिग’ चालवावा लागतो आणि तो एकेक प्रश्न विचारत बसतो. ‘येस’ कमांडला रिकामी ओळ देऊन तिचा पाइप त्यात सोडला की गप्प होतो.

टॉयबॉक्स डेफकॉन्फिगनं बांधताना यातलं काही आडवं येत नाही. ‘मेक डेफकॉन्फिग’, मग एलडी-फ्लॅग्जमध्ये डॅश-डॅश-स्टॅटिक देऊन ‘मेक’, मग प्रीफिक्स सांगून ‘मेक इन्स्टॉल’. बिन, एसबिन असे वेगवेगळे फोल्डर नको असतील तर ‘मेक इन्स्टॉल-फ्लॅट’. मशिनवर बॅश हवा, बांधणीची स्क्रिप्ट त्यातच आहे. बाकी अवलंबून राहण्यासारखं फार काही नाही. नुसता सेड हवा असेल तर ‘मेक सेड’ म्हणा, सुटी बायनरी मिळते. ‘मेक टेस्ट-सेड’ म्हणा, तिची चाचणी होते. मॅकवर बांधायचा तर ‘मॅकओएस-डेफकॉन्फिग’सुद्धा ठेवलेला आहे. सोर्स वाचायला बसलात तर आणखी आवडेल: एका कमांडीची एक फाइल, मदतीचा मजकूर, कॉन्फिग आणि कोड एकाच जागी. कुणाला सी शिकवायचं असेल तर मी टॉयबॉक्सच पुढे ठेवीन, त्यात शंका नाही.

मग अडतं कुठे? तयार झालेलं घर उघडून पाहिलं की कळतं, दारच बसवलेलं नाही. डेफकॉन्फिगच्या टॉयबॉक्समध्ये शेल, म्हणजे कमांडी टाइप करायची जागाच, नाही. व्हीआय हा एडिटर नाही, मजकुरातले रकाने वेचणारा ऑक नाही. बूट होताना पहिला चालणारा इनिट, आयपी मिळवणारा डीएचसीपी, ठरल्या वेळी कामं करणारा क्रॉन, नोंदी ठेवणारा सिसलॉग हेही नाहीत. यांचा कोड आहे, पण ‘पेंडिंग’ नावाच्या फोल्डरात, म्हणजे काम चालू आहे, खात्री नाही, म्हणून मुद्दाम बंद. चालू करता येतो. बांधताना ‘अपुरा कोड वापरताय’ अशी सूचना येते आणि ती प्रामाणिक आहे. टॉयबॉक्सची स्वतःची एमकेरूट ही छोटी सिस्टिम उभी करणारी स्क्रिप्टही शेल पेंडिंगमधूनच उचलते. अँड्रॉइडमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथला शेल एमकेएसएच आहे, तो निराळीकडून येतो.

माझा निर्णय इथेच ठरला. बिझीबॉक्सचे तिन्ही खडे टेबलावर लागतात, समोर इंटरनेट असतं, आणि एकदा काढलेला खडा डॉट-कॉन्फिग जपून ठेवली की पुन्हा लागत नाही. टॉयबॉक्सची उणीव शेडमध्ये समोर येते. जानेवारी ते एप्रिल हंगाम, खोली भरलेली, सिरीयल केबल लावून ११५२०० बॉडच्या वेगानं बोर्डाशी बोलायचंय आणि अलार्मची मर्यादा ४ अंशांवरून ३ वर आणायची आहे. व्हीआय असेल तर तीस सेकंदांचं काम. नसेल तर सेड डॅश-आय, आणि थंडीनं आखडलेल्या बोटांनी एक अक्षर चुकलं की भलतीच ओळ बदलते. लॉगमधल्या तिसऱ्या रकान्यात ४ च्या वर गेलेल्या ओळी काढायच्या तर ऑकनं एका ओळीत होतं. ऑकशिवाय कट आणि शेलचा लूप जोडत बसा, तोही अपुऱ्या शेलमध्ये. डॅश किंवा एमकेएसएच वेगळा बांधून टॉयबॉक्सला जोडता येतो, लोक करतातही. पण मग ऑक तिसरीकडून, एडिटर चौथीकडून. एका टारबॉलसाठी निघालेला माणूस चार टारबॉल आणि चार कॉन्फिग सांभाळत बसतो.

आकाराचा मुद्दा लोक आधी काढतात, मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. डेफकॉन्फिगचा बिझीबॉक्स जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीवर स्टॅटिक बांधला तर दोन एमबीच्या पुढेमागे, मसल या छोट्या सी लायब्ररीवर साधारण त्याच्या निम्म्यानं. टॉयबॉक्स त्याहून कमी भरतो, कारण त्यात कमांडीही कमी. ८ एमबीच्या फ्लॅशवर काम असेल तर मोजा. एसडी कार्डवर असेल तर विसरा.

जीलिबसी की मसल, हा प्रश्न त्यापेक्षा महत्त्वाचा, आणि तो दोघांनाही सारखाच लागू. जीलिबसीवर स्टॅटिक बांधताना ‘गेट-ॲडर-इन्फो’बद्दल वॉर्निंग येते, ती वाचून सोडून देऊ नका. नावावरून पत्ता शोधायला जीलिबसी चालू वेळी आपल्या लायब्ररी मागते, बोर्डावर त्या नसतात. मग आयपी टाकून पिंग जातो आणि नाव टाकलं की ‘बॅड ॲड्रेस’. राउटर, केबल, डीएनएस तपासण्यात दुपार जाते. मसलवर हा प्रकार नाही. उबंटूवर ‘मसल-टूल्स’ टाकून ‘सीसी बरोबर मसल-जीसीसी’ असं सांगितलं की झालं, पण कर्नलची हेडर सापडत नाहीत. ‘लिनक्स’, ‘एएसएम’ आणि ‘एएसएम-जेनेरिक’ या तीन फोल्डरांच्या सिमलिंक मसलच्या इन्क्लूड फोल्डरात द्या. ‘एएसएम’ उबंटूवर एक पायरी आत, ‘एक्स८६-६४-लिनक्स-ग्नू’मध्ये असतं, तिथेच बहुतेकांचं चुकतं. बोर्ड एआरएम असेल तर मात्र हा मसल-जीसीसी कामाचा नाही, मसलचा क्रॉस-कंपायलर वेगळा लागेल.

क्रॉस-कंपाइलचा, म्हणजे लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधण्याचा, विषय निघालाच आहे तर: ‘क्रॉस-कंपाइल’ व्हेरिएबलमध्ये ‘एआरएम-लिनक्स-ग्नूइएबीआयएचएफ’च्या शेवटी डॅश हवाच, दोन्हींकडे. तो राहिला की कंपायलरचं नाव आणि ‘जीसीसी’ एकमेकांना चिकटतात आणि ‘नॉट फाउंड’ येतं. बांधून झाल्यावर ‘फाइल’ कमांडीनं बायनरी तपासा, ‘स्टॅटिकली लिंक्ड’ दिसलं पाहिजे. डायनॅमिक राहिली असेल तर बोर्डावर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल’ म्हणतो, कारण सापडत नाही ती तुमची फाइल नसून तिचा लोडर असतो. तीच बायनरी इनिट म्हणून असेल तर कर्नल ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ म्हणून तिथेच बसतो. लोडर आहे पण बोर्डावरची जीलिबसी तुमच्या लॅपटॉपच्या मानानं जुनी, तर ‘जीलिबसी-२.३४ नॉट फाउंड’सारखं काहीतरी दिसेल.

उरलं लायसन्स. पॅनेल विकणाऱ्यांना टॉयबॉक्सकडे ओढणारा मुद्दा हाच, आणि तो खोटा नाही. अमेरिकेत जीपीएलवरून कोर्टात गेलेला पहिला दावा २००७ मध्ये बिझीबॉक्सवरूनच झाला आणि फिर्यादींत लँडलीही होते. बिझीबॉक्स घातलेला डबा विकायचा तर त्याचा सोर्स सोबत द्यायचा, किंवा मागेल त्याला देऊ असं किमान ३ वर्षांचं लेखी आश्वासन द्यायचं. सोर्समध्ये डॉट-कॉन्फिग आणि बांधणीच्या स्क्रिप्टही आल्या. त्याच बोर्डावर शेजारी चालणारा तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम त्यामुळे उघडा करावा लागत नाही; तो करावा लागेल ही भीती विनाकारण पसरलेली आहे. आणि टॉयबॉक्स घेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर त्याच डब्यातल्या लिनक्स कर्नलकडे बघा, तोही जीपीएल २ च. त्याचा सोर्स द्यायची सोय करावीच लागते, तिथेच बिझीबॉक्सचा अडीच एमबीचा टारबॉल ठेवायला वेगळा खर्च नाही.

तुमचं काम वेगळं असू शकतं. शेल आधीच आहे आणि फक्त पाच-सात कमांडी हव्यात, मॅकवर बांधायचंय, किंवा वरून लायसन्सबद्दल सक्त सूचना आहे, तर टॉयबॉक्स घ्या, बांधताना त्रास कमीच होईल. रिकाम्या रूट फाइलसिस्टिमपासून सुरुवात असेल तर बिझीबॉक्सचं डेफकॉन्फिग, टीसी बंद, स्टॅटिक चालू, कंपायलर मसलचा. डॉट-कॉन्फिग गिटमध्ये टाका आणि कमिटच्या संदेशात कंपायलर आणि कर्नल हेडरची आवृत्ती लिहा. पुढच्या वेळी लॅपटॉप बदलला आणि मेक मध्येच थांबला, तर आधी तीच ओळ काढून बघायची असते.