जपानी सासर की तोक्योतला वेगळा फ्लॅट?

जपानी मुलाशी लग्न ठरलं की आपल्याकडे आधी जेवणाची चौकशी होते, मग भाषेची. राहायचं कुठे, हे 'बघू पुढे' म्हणून सोडून दिलं जातं. माझ्या मते सगळ्यात आधी तेच ठरवायला हवं. लहान गावात नवऱ्याच्या आईवडिलांकडे राहणाऱ्या परदेशी सुनेला भेटणारा जपान आणि तोक्योत फ्लॅट घेऊन राहणारीला भेटणारा जपान, यांत फार फरक आहे. मी आधी नागानो या डोंगराळ प्रांतातल्या गावात सासरी राहिले, मग तोक्योत. ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जावई म्हणून जाणाऱ्या मुलांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण स्वयंपाकघर आणि म्हाताऱ्यांचं आजारपण बहुतेक वेळा सुनेच्या वाट्याला येतं, म्हणून सुनेच्या बाजूने बोलते.

घर मिळण्यापासून सुरुवात करू. सासरी हा प्रश्नच नसतो, वरच्या मजल्यावरची एक खोली तुमची होते. तोक्योत मात्र घर शोधतानाच आपण परके आहोत हे कळतं. तिथल्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ३९ टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. नवरा जपानी असला तरी एजंट आपल्यासमोरच घरमालकाला फोन लावतो आणि बायको परदेशी आहे, चालेल का, असं विचारतो. ते ऐकताना अंगावर येतं. यूआर या निमसरकारी संस्थेच्या इमारतींमध्ये जामीनदार लागत नाही, 'रेइकिन' म्हणजे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कमही लागत नाही. तोक्योच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईत भारतीय वस्ती वाढली त्यामागे हेही एक कारण आहे. २००० सालच्या आसपास आलेले संगणक इंजिनियर अशाच इमारतींत राहायला लागले, आणि तोझाई या मेट्रो लाइनने ओतेमाची भागातली ऑफिसं जवळ पडायची.

निशी-कासाईत डाळी-मसाल्यांची दुकानं हाताशी आहेत, आणि बोलायला मराठी माणूस सहज मिळतो. बाळंतपणात, आजारपणात याचं मोल किती आहे ते तिथे राहिलेल्या बायकांना विचारा. याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहात २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. मराठी माणूस, जपानी नागरिकत्व घेतलेला आणि जपानी मतदारांनी निवडलेला. तेव्हा तोक्योत आपल्याला कोणी विचारत नाही असं म्हणणं खरं नाही. पण पुराणिक वस्तीच्या बाहेर पडून लोकांत मिसळले. आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं वस्तीच्या आतच राहतात, आणि मग जपानी लोक जवळ करत नाहीत म्हणून तक्रार करतात. बाकी तोक्योत शेजारी मान लववून नमस्कार करतो, तुमच्या वाटेला जात नाही. तुम्ही चार दिवस दिसला नाहीत तरी कोणी दार वाजवणार नाही. काहींना ही मोकळीक हवीच असते, त्यात गैर काही नाही.

गावात असं राहता येत नाही. नागानोतल्या कितीतरी गावांत कचऱ्याच्या ठरावीक पिशवीवर घराचं नाव लिहावं लागतं. चुकीच्या दिवशी चुकीचा कचरा टाकला तर तो कोणाचा हे सगळ्या गल्लीला कळतं. मोहल्ल्याचं मंडळ असतं, त्याला 'चोनाइकाई' म्हणतात. गटारं साफ करणं, गवत कापणं, देवळाच्या उत्सवाची तयारी ही कामं पाळीपाळीने येतात. कायद्याने सभासद होण्याची सक्ती नाही, पण लहान गावात नाही म्हणणाऱ्याला ते जड जातं. गल्लीत 'कैरानबान' फिरतं. एका पुठ्ठ्याला सूचनांचे कागद लावलेले असतात, ते वाचायचे, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायचं. सुरुवातीला सासूबाई ते स्वतः नेऊन द्यायच्या. एका संध्याकाळी हात पिठात होते म्हणून त्यांनी ते मला न्यायला सांगितलं. शेजारच्या आजींनी दारातच अर्धा तास गप्पा मारल्या आणि येताना माझ्या हातात काकड्या दिल्या. पुढच्या वेळेपासून ते काम माझंच झालं. आधी त्या आजी मला बघून नुसत्या हसायच्या, आता आमच्या घरची बातमी हवी असली की मला थांबवू लागल्या.

घरातही तसंच. जपानी घरात सगळे एकाच टबातल्या गरम पाण्यात आळीपाळीने उतरतात, अंग आधी बाहेर घासून धुतात. पाहुण्याला पहिला मान. मला कितीतरी दिवस पहिली पाळी मिळायची आणि मी खूश असायचे. मग हळूहळू माझा नंबर मागे सरकला, आणि शेवटी पाणी सोडून टब घासायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्या घराची मी तेव्हाच झाले. तुम्हाला सतत बसवून ठेवलं जातंय, चहा हातात मिळतोय, कुठल्या कामाला हात लावू देत नाहीत, तर समजा की अजून पाहुणेपण संपलेलं नाही.

शाकाहारी असाल तर जेवणाचं स्पष्ट सांगते. मिसो सूप, भाज्या, अगदी साध्या उकडलेल्या पालकावरही सुकवलेल्या माशाचा अर्क किंवा कीस असतो. तोक्योत तुमचं स्वयंपाकघर वेगळं, प्रश्न मिटला. सासरी तो रोजचा असतो, आणि वेगळं शिजवणं म्हणजे घरच्या जेवणाला नाकारणं, असा अर्थ निघू शकतो. आमच्याकडे सासूबाईंनी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिइताके हे मशरूम रात्रभर भिजवून त्या पाण्यावर सूप करायला सुरुवात केली आणि सगळ्यांनाच ते वाढलं. जपानी देवळांच्या स्वयंपाकात ही पद्धत जुनीच आहे, त्यामुळे 'आमच्या गावचंच शाकाहारी' म्हणून मागितलंत तर मिळण्याची शक्यता जास्त.

सासरी राहिल्याने जे मिळतं ते सणात आणि मरणात सगळ्यात जास्त जाणवतं. ऑगस्टमध्ये ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा. नागानोत बऱ्याच ठिकाणी पूर्वजांना घरी बोलवायला दारात बर्च झाडाची साल जाळतात. तिचा धूर काळा आणि तेलकट असतो, कपड्यांना वास राहतो. ती साल पेटवायला माझ्या हातात दिली गेली. मामेसासरे गेले तेव्हा दहनानंतर नातेवाईक जोडीजोडीने चॉपस्टिकने अस्थी उचलून कलशात ठेवत होते. मला मागे उभं राहायला कोणी सांगितलं नाही, नणंदेने नुसती चॉपस्टिकची जोडी पुढे केली. तोक्योत राहून अशा प्रसंगी दोन दिवसांसाठी जाणाऱ्या सुनेलाही बोलावतात, मान देतात. पण कोणत्या पाकिटात किती पैसे घालायचे, कोणाच्या मागे उभं राहायचं, हे तिला दर वेळी कोणीतरी सांगावं लागतं.

हे फुकट मिळत नाही. खोलीच्या सरकत्या दाराला कडी नसते. आईला केलेला फोन कोणाला कळत नसला तरी सगळ्यांना ऐकू जातो. बाहेर पडताना कुठे, किती वाजेपर्यंत, हे सांगावं लागतं. आणि नवरा थोरला मुलगा असेल तर घर, घराण्याच्या अस्थी ठेवलेलं थडगं, देव्हारा आणि आईवडिलांची सेवा हे सगळं त्याच्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, येणार असं घरच्यांनी बहुतेक धरलेलं असतं. २००० पासून वृद्धसेवेचा सरकारी विमा आहे, सेविका घरी येतात, पण रात्रीचं उठणं घरच्यांनाच. सुनेला वारसाहक्क नसतो. जुलै २०१९ पासून एवढं झालंय की विनामोबदला सेवा केलेली सून वारसांकडे पैशाची मागणी करू शकते. त्यासाठी सेवेची नोंद ठेवायला हवी, आणि घरात अशी वही ठेवणं किती अवघड असतं ते सांगायला नको.

कागदोपत्री बाजू दोन्हीकडे सारखीच आहे, परिणाम मात्र सारखे नाहीत. जपानी कुटुंबाच्या नोंदवहीत, कोसेकीत, परदेशी बायकोला सभासद म्हणून जागा नसते. नवऱ्याच्या नोंदीत लग्नाचा उल्लेख तेवढा येतो. रहिवासी नोंदीत तर परदेशी माणसं जुलै २०१२ पासूनच घरच्यांसोबत दिसू लागली. जोडीदाराच्या व्हिसावर कोणतीही नोकरी करता येते, ही मोठी सोय. पण योग्य कारणाशिवाय सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ पती-पत्नी म्हणून न राहिल्यास तो व्हिसा रद्द होऊ शकतो. छळामुळे घर सोडलं तर ते योग्य कारण धरलं जातं. सासरी राहणारीने हे पाठच करावं, कारण भांडून बाहेर पडली तर नोकरी, घर आणि ओळखी सगळं एकदम तुटतं. तोक्योत नोकरी करणारीला निदान स्वतःच्या नोकरीच्या व्हिसाचा मार्ग असतो. म्हणून कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत तोक्योतच राहावं, असं माझं मत आहे. जोडीदारांना तो इतरांपेक्षा लवकर मिळू शकतो, पण नियम कडक होत चालले आहेत. कर आणि विम्याचे हप्ते एकदाही चुकवू नका.

नागरिकत्व घेतलं की आपलं मानतील, या आशेवर ते घेऊ नका. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, बदल्यात मतदानाचा हक्क मिळतो, आणि तो मोठाच आहे. पण रस्त्यावरच्या माणसाला तुमचा चेहरा दिसतो, पासपोर्ट नाही. भारतीय वडील आणि जपानी आई असलेली प्रियांका योशिकावा तोक्योत जन्मली, तरी २०१६ मध्ये मिस वर्ल्ड जपान झाल्यावर ती पुरेशी जपानी नाही असं म्हणणारे निघालेच.

मला विचाराल तर पहिली काही वर्षं तोक्योत, आणि नंतर सासरच्याच गावात पण वेगळ्या घरात. सूप गार होणार नाही इतक्या अंतरावर, असं जपानी लोक म्हणतात. कैरानबान तुमच्या नावाने येतं, ओबोनला तुम्ही हजर असता, रात्री स्वतःच्या दाराला कडी लावता. एकत्र राहायला थेट जावं ते तीन गोष्टी असतील तरच: गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलता येईल इतकी जपानी, स्वतःच्या खात्यात येणारे पैसे, आणि आईसमोर तुमच्या बाजूने बोलणारा नवरा. तिसरी आधी तपासा. त्याला लग्नाआधीच विचारा: तू थोरला आहेस का, घराण्याचं थडगं कोण बघणार, आई अंथरुणाला खिळली तर तुझ्या बहिणी काय करणार? 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं उत्तर आलं, तर फ्लॅट तोक्योतच घ्या.