"नाही" लिहा म्हणाला, सही मात्र माझी

अमेरिकेत एमएस करताना मी चार महिने कॅम्पसबाहेरच्या एका दुकानात काम केलं, रोखीवर. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असं परवानगीशिवाय चालत नाही हे मला ठाऊक होतं. फी भरायची होती, म्हणून केलं.

पुढे लग्न झालं. नवरा अमेरिकन नागरिक, त्यामुळे ग्रीन कार्डसाठी आय-४८५ हा फॉर्म भरायचा होता. ओळखीतून एक इमिग्रेशन कन्सल्टंट मिळाला. मराठी बोलणारा, म्हणून जास्तच विश्वास बसला. १,८०० डॉलर घेतले.

त्या फॉर्मवर सरळ विचारलंय: अमेरिकेत कधीही विनापरवाना काम केलंय का? मी त्याला दुकानाचं सगळं सांगितलं. म्हणाला, "ताई, रोखीचं काम कोणाला दिसतंय? 'नाही' लिहायचं. 'हो' म्हणालात तर केस तिथेच संपली." नोकऱ्यांच्या माहितीतूनही ते चार महिने गाळले. फॉर्म भरून देणाऱ्याच्या नावा-सहीची जागा त्याने कोरी ठेवली. तिथे सही करणं त्याला बंधनकारक होतं, हे मला नंतर कळलं. तुमचा माणूस ती जागा कोरी ठेवत असेल तर तिथूनच उठा. खोट्या उत्तराखाली एकटी माझी सही राहिली, तीही खोटं असल्यास शिक्षेला पात्र असल्याचं मान्य करून.

मुलाखतीचं पत्र आलं आणि माझी झोप उडाली. शेवटी परवानाधारक वकील गाठली. (असा कायदेशीर सल्ला फक्त वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधीच देऊ शकतात. वकिलाचा परवाना त्या राज्याच्या बारकडे, म्हणजे वकिलांच्या अधिकृत संस्थेकडे तपासता येतो.) तिने सांगितलं ते ऐकून मी तिथेच रडले. रीतसर व्हिसावर आलेल्या, नागरिकाच्या जोडीदाराचं ग्रीन कार्ड केवळ विनापरवाना कामामुळे अडत नाही. कायद्यातच तशी सूट आहे. मात्र महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून लाभ मिळवू पाहिला असं ठरलं, तर माणूस कायमचा अपात्र होऊ शकतो. मग माफीचा वेगळा अर्ज, आणि तो मंजूर होईलच असं नाही. जे लपवायची गरजच नव्हती, ते लपवण्यासाठी त्याने मला या खड्ड्यात ढकललं होतं.

आम्ही कोणी विचारायच्या आधीच लेखी दुरुस्ती पाठवली. मुलाखतीत शपथ झाल्याझाल्या मी स्वतःहून सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने लाल पेनने 'नाही' खोडून 'हो' केलं आणि फॉर्मवर माझी पुन्हा सही घेतली.

कन्सल्टंटला पैसे परत मागितले तेव्हा त्याने विचारलं, "फॉर्मवर माझं नाव कुठे आहे?"