नाइट, जादू आणि श्रद्धा: पेन्ड्रॅगन, डी अँड डी की प्रिन्स व्हॅलियंट?

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत (रोलप्लेइंग गेम) नाइटांची मोहीम, म्हणजे अनेक सत्रांची सलग कथा, खेळायची ठरली की कुठला नियमसंच घ्यायचा, यावर ग्रुप अडतो. फासे आणि चिलखतांची तुलना नंतर करा. आधी हे ठरवा: व्रत आणि श्रद्धा यांनी तुमच्या पात्राला बळ द्यावं, की त्याचे हात बांधावेत?

हात बांधले जायला हवे असतील तर ग्रेग स्टॅफर्ड यांचा पेन्ड्रॅगन (1985) घ्या. इथे सगळे खेळाडू आर्थरच्या ब्रिटनमधले नाइट असतात. स्वभावाच्या 13 जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज 20. समजा दयाळू 14, म्हणजे क्रूर 6. शरण आलेला सॅक्सन (शत्रूपक्षाचा योद्धा) समोर गुडघे टेकून बसलाय. वीसपैलू फासा टाका. 14 किंवा कमी आलं तर नाइट दया दाखवतो. जास्त आलं तर क्रूरपणावर दुसरा फासा. तिथे 6 किंवा कमी आलं तर तलवार चालते. दोन्ही फासे फसले तरच निर्णय तुमच्या हातात. स्वभाव 16 किंवा त्याहून वर गेला की नाइट त्यासाठी नावाजला जातो, आणि गेममास्टर (खेळ चालवणारा, कथा सांगणारा) असा फासा टाकायला लावू शकतो.

श्रद्धेचं काम इथे फार सुंदर बसवलंय. ख्रिस्ती नाइटकडून शील आणि नम्रता अपेक्षित. पेगन (ख्रिस्तपूर्व देवतांना मानणाऱ्या) नाइटच्या धर्मात कामासक्ती आणि अभिमान हेच सद्गुण. ठरलेले गुण पुरेसे उंचावले की धर्माचा प्रत्यक्ष लाभ पात्राच्या आकड्यांत मिळतो. त्यामुळे एकाच राजाचे दोन निष्ठावंत नाइट एकाच मेजवानीत उलट वागतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. जादू मात्र आर्थरचा जादूगार मर्लिन आणि परीलोकाची, म्हणजे गेममास्टरच्या ताब्यातली. चौथ्या आवृत्तीत खेळाडूंना जादूगार होता येत होतं, पण जादू अनाकलनीय राहिली तरच हा खेळ रंगतो.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, दर प्रसंगाला स्वभावाचा फासा मागितला की खेळाडूंना वाटतं आपण नुसते बघे आहोत. एका सत्रात दोन-तीनदा, खऱ्या पेचाच्या वेळीच मागा. दुसरं, डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) सवयीने लढाई ओढवून घेणं. वार साधारण 4 ते 5 सहापैलू फाशांचा, चेनमेल (कड्यांचं चिलखत) त्यातले 10 गुण अडवतं. 5 फाशांची सरासरी साडेसतरा, म्हणजे नेहमीचा वार सात-आठ गुण नेतो. पण एकाच वारात कॉन्स्टिट्यूशनइतकी (पात्राच्या काटकपणाच्या आकड्याइतकी) इजा झाली की ती मोठी जखम. जखमा आठवड्यागणिक भरतात, तोवर साहस हातचं जातं. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाचा धाकटा भाऊ किंवा चुलतभाऊ पर्यायी पात्र म्हणून लिहून ठेवा, आणि साहसांनंतर येणाऱ्या हिवाळ्याच्या टप्प्यातली लग्नं, मुलं, वारस यांना कंटाळू नका. मोठी मोहीम इ.स. 485 पासून सुमारे 80 वर्षं चालते, सहसा एका सत्राला एक वर्ष. महिन्यातून एकदाच जमत असाल तर साडेसहा वर्षांहून जास्त लागतील. त्यापेक्षा आर्थर तलवार उपसतो तिथून सुरू करा. सहाव्या आवृत्तीचा स्टार्टर सेट त्यासाठीच सोयीचा. पुस्तक इंग्रजीत असलं तरी स्वभावाच्या 13 जोड्या पात्रपत्रावर मराठीत लिहा, टेबलावरचं बोलणं लगेच मोकळं होतं.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत श्रद्धा हे बळ आहे. पॅलाडिन (शपथबद्ध पवित्र योद्धा) स्पर्शाने लेव्हलच्या (पात्राच्या पायरीच्या) पाचपट हिट पॉइंट, म्हणजे जीवनगुण, भरून काढतो, दुसऱ्या लेव्हलला डिव्हाइन स्माइट (वारात दैवी शक्तीची भर) मिळतो, तिसऱ्याला शपथ निवडतो: डिव्होशन, एन्शंट्स, व्हेंजन्स वगैरे. शपथ मोडली तर काय, हे नियम बरंचसं गेममास्टरवर सोडतात. शिवाय शेजारी चोर आणि जादूगार असतात, म्हणून पॅलाडिन सतत उपदेश करतो आणि टेबल वैतागतं. उपाय साधा: पहिल्या सत्राआधी शपथेची तीन कलमं सगळ्यांसमोर लिहा आणि तोटा सोसून ती पाळली की इन्स्पिरेशन (फासा टाकताना फायदा देणारं बक्षीस) द्या. ग्रुपला हा खेळ आधीच येत असेल आणि नाइट एकालाच व्हायचं असेल, तर नवं पुस्तक घेण्याची गरजच नाही.

स्टॅफर्ड यांचाच प्रिन्स व्हॅलियंट (1989) हॅल फॉस्टर यांच्या चित्रमालिकेवर आधारलेला आहे. ब्रॉन (ताकद) आणि प्रेझेन्स (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) या दोनच मूळ क्षमता, त्यांत 7 गुण वाटायचे. क्षमता आणि कौशल्य मिळून जो आकडा येईल तितकी नाणी उडवायची आणि एका बाजूची मोजायची. एकसारखी रुपयाची नाणी घ्या आणि छापा धरायचा की काटा हे आधीच ठरवा. प्रत्येकी दहा नाणी पुरतात. श्रद्धेचं यंत्र इथे जवळजवळ नाही आणि जादू कथेपुरती आहे. पण नवखे असतील, मुलं असतील, हातात एकच संध्याकाळ असेल, तर हाच घ्या: पात्र पंधरा मिनिटांत उभं राहतं.