बेघर निवारा केंद्र: रात्रीला चार तारे, दिवसाला दीड

नवी मुंबईतलं हे ५० खाटांचं निवारा केंद्र फक्त पुरुषांसाठी आहे. नाव देत नाही, कारण खाली लिहिलेल्या उणिवा या एकाच इमारतीच्या नाहीत. मजुरीच्या कामासाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या किंवा स्टेशनबाहेर झोपणाऱ्या कुणाला इथे पाठवावं का, एवढ्यापुरतं हे परीक्षण.

रात्र चांगली जाते. गाद्यांना रेक्झिनची खोळ आहे, त्यामुळे ढेकूण कमी. चादरी आठवड्याला बदलतात, पंखे चालतात, संडास धुतलेले असतात. आधार कार्ड नाही म्हणून दारातून परत पाठवत नाहीत. नोंदवहीत नाव, गाव, सही किंवा अंगठा आणि एक फोटो, एवढ्यावर खाट मिळते, तीही फुकट. पिऊन आलेल्यालाही काळजीवाहक मामा दटावतात, पण आत घेतात.

घोळ सकाळी सुरू होतो. न्हाणीघरं दोन आणि पाणी सहा ते साडेसात. माणशी दहा मिनिटं धरली तर १८ जणांच्या आंघोळी होतात. उरलेले ३२ जण तसेच निघतात किंवा सुलभ शौचालयात पैसे मोजतात. मळक्या कपड्यातल्या माणसाला मुकादम रंगकामाला नेत नाही, कारण सोसायटीचा वॉचमनच त्याला गेटवर अडवतो. म्हणजे आंघोळ हुकली की त्या दिवसाची मजुरीही हुकते. यासाठी नवीन इमारत नको. मागच्या अंगणात भिंतीला ओळीने सहा नळ आणि खाली उताराची फरशी केली, तर त्याच दीड तासात ५४ आंघोळी होतात. आज मात्र ते अंगण मोडक्या खाटांनी भरलंय.

आठला दार बंद होतं आणि संध्याकाळी सातला उघडतं, रविवारीसुद्धा. केंद्र सरकारच्या, २०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांप्रमाणे निवारा बाराही महिने, चोवीस तास उघडा असायला हवा. रविवारी नाका थंड असतो, पावसाच्या झडीत तर बांधकामंच थांबतात. नेमक्या याच दिवशी माणसाला धुणं, दाढी, गावी फोन, दोन तास स्वस्थ बसणं हे सगळं करायचं असतं. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. फलाटावर बसायचं तर दहा रुपयांचं तिकीट, तेही दोनच तास चालतं. धुतलेले कपडे वाळत घालायला छपराखाली दोरी नाही. ओलेच अंगावर चढवायचे, मग जांघेत गजकर्ण होणारच.

सगळ्यात मोठा अडथळा मात्र बोचक्याचा. इथलं कपाट एक फूट बाय एक फूट. त्यात कागदपत्रं मावतात. पांघरूण, रोलरची काठी, बादली मावत नाही. आठला ते सगळं खांद्यावर घेऊन बाहेर पडायचं. बोचकं घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभं राहता येत नाही, वाचनालयात शिरता येत नाही. रेल्वेच्या क्लोकरूमला प्रवासाचं तिकीट आणि कुलूप लावलेली बॅग लागते; गोणपाटाला कुलूप कुठून लावणार? पुलाखाली ठेवून गेलं तर सफाईची गाडी उचलून नेते आणि आतले कागदही जातात. दोन फूट रुंद लोखंडी रॅक, नंबरचा पत्र्याचा बिल्ला आणि किल्ली मामांकडे, एवढी सोय झाली तर माणसाचे हात दिवसभर मोकळे राहतील.

वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात रात्रीची हमाली करणाऱ्याला तर हे केंद्र निरुपयोगीच. भाजीच्या गाड्या रात्री लागतात, तो सकाळी मोकळा होतो आणि तेव्हाच इथलं दार बंद होतं. तो फुटपाथवर झोपतो, दांडक्याने उठवला जातो. त्याची खाट रात्री रिकामी दिसते म्हणून तीन गैरहजेऱ्यांनंतर नाव कापतात. दहा खाटांची एक खोली दिवसा उघडी ठेवली तर हे थांबेल.

कागदी पिशव्यांचं प्रशिक्षण सकाळी अकराला असतं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून यायचं. अर्थात कोणी येत नाही, आणि अहवालात ‘लाभार्थी निरुत्साही’ असं लिहिलं जातं! चार्जिंगचे पॉइंट ५० जणांत चार. मोबाइल बंद पडला की मुकादमाचा फोन हुकतो.

कागदांच्या बाबतीत हे केंद्र उजवं आहे. राहत असल्याचं पत्र देतात, बँकेत सोबत माणूस पाठवतात. कागद नसतील तरी फोटो आणि सही-अंगठ्यावर छोटं खातं उघडतं: शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, महिन्याला १०,००० काढता येतात. वर्षभरात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर खातं अडकतं. क्षयरोग्याच्या पोषणाचे महिन्याचे १,००० रुपये खात्यातच येतात, म्हणून हे काम आधी उरकावं. पत्रावर सही करणारे व्यवस्थापक मात्र फक्त मंगळवारी बारा ते दोन भेटतात.

दिवसा काम करणारा, अवजारं नसलेला माणूस असेल तर जरूर पाठवा. सोबत दोन फोटो आणि एक मजबूत कुलूप द्या, आणि शक्यतो मंगळवारीच न्या.