गॅसवर 5000 वॅट सांगून विकलेला जनरेटर 2800 च्या पुढे जाईना, घेणाऱ्यांनी वाचा

लाज वाटतेय सांगायला, पण अजून कुणी यात अडकू नये म्हणून लिहितोय. जनरेटर घेतला, पेट्रोल, एलपीजी आणि पाइपचा गॅस तिन्हीवर चालणारा, प्लेटवर 5000 वॅट. पाइपच्या गॅसवर किती देईल हे मी स्पष्ट विचारलं होतं. तर म्हणे, इंजिन तेच आहे ना साहेब, उलट गॅसचं ऑक्टेन जास्त, ताकद वाढेलच. 40 टक्के रक्कम आगाऊ घेतली, उरलेली 60 डेमोनंतर.

आणि तो डेमो! आठवला की डोकं फिरतं. गॅसची नळी जोडलेली, पाण्याची मोटर पहिल्या झटक्यात उचलली, मी व्हिडिओ काढतोय आणि पेट्रोलचा वास येतोय, चांगला भपकन येतोय. मी बोललोसुद्धा, वास कसला? "टेस्टिंगचं थोडं राहिलंय टाकीत." आणि मी मान डोलावली! तेव्हाच वाकून पेट्रोलचा कॉक बघितला असता तर... नळी नुसती दाखवायला होती. 60 टक्के तिथल्या तिथे देऊन टाकले.

मी डोळे झाकून घेतला नव्हता हो. दीड एचपीची मोटर, चालताना 1500 वॅट, सुरू होताना तिप्पट धरले तरी 4500, बसतं की 5000 मध्ये. घरी पाइपच्या गॅसवर लावला तर मोटर जागेवरच घुमते, दिवे पिवळे, इंजिन बंद. हीटर लावून मोजलं, 2800 च्या वर दम नाही.

मेकॅनिकने उघडलं तेव्हा कळलं, आत जेट (इंजिनात गॅस सोडणारा भोकाचा छोटा भाग) एलपीजीचा. तेवढ्याच घनफळात एलपीजीत नॅचरल गॅसच्या, म्हणजे पाइपच्या गॅसच्या, साधारण अडीच पट उष्णता असते म्हणून त्याचं भोक बारीक, त्यातून नॅचरल गॅस सोडला की इंजिन उपाशी. जेट बदलून 3900 आले. त्यापुढे जाणारच नाही, कारण गॅस इंजिनच्या सिलेंडरमधली हवेची जागा खातो, पेट्रोलच्या मानाने एलपीजीवर 10 टक्क्यांच्या आसपास आणि नॅचरल गॅसवर 20 टक्क्यांच्या आसपास पॉवर कमीच मिळते. ऑक्टेन म्हणजे इंधन वेळेआधी न पेटण्याचं माप, त्याने वॅट वाढत नाहीत. मॅन्युअलमध्ये तिन्ही आकडे वेगवेगळे छापलेत, मॅन्युअल हातात आलं पैसे दिल्यावर. आधी मागा, पैसे नंतर.

आता तक्रारीचं ऐका. विकणारा फोन उचलत नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं जेट बाहेर बदललात, वॉरंटी गेली. अरे, तुमच्याकडे 11 दिवस माणूस मागत होतो तेव्हा कुठे होतात? पोलीस म्हणाले मशीन चालतंय ना, मग फसवणूक कसली, हा व्यवहारातला वाद. ग्राहक तक्रारीच्या फॉर्मवर इंधनाचा रकानाच नाही, "इतर" मध्ये लिहिलं तर तक्रार बंद, शेरा "उत्पादन कार्यरत". दुसऱ्यांदा केली, तोच शेरा, एक अक्षर बदललेलं नाही! वाचतं तरी का कुणी?

डेमो घेताना पेट्रोलची टाकी रिकामी करायला लावा, तुमची स्वतःची मोटर लावा, अर्धा तास चालवा. छोट्या एलपीजी सिलेंडरवर तर नक्कीच, कारण गॅस खेचताना तो गार पडतो आणि प्रेशर उतरतं, पाच मिनिटांत काहीच कळत नाही. बिलावर इंधनाचं नाव लिहून त्यापुढे वॅट लिहून घ्या, माझ्या बिलावर नुसतं 5000 आहे.

काल तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. 14 व्या सेकंदाला त्याचा हात कॉकवर जातो, स्वच्छ दिसतोय. तो तुकडा जोडून तिसरी तक्रार टाकलीये.