कूलंटची गळती शोधून देणारा हातपंप: प्रेशर टेस्टरविषयी अभिप्राय

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि त्या पाण्यातील क्षार आतून धातू पोखरत असल्याचे गळती सुरू होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी जुन्या डिझेल गाडीच्या टाकीतील कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रावण) दर आठवड्याला खालच्या खुणेच्याही खाली जाऊ लागले, पण जमिनीवर थेंब दिसत नव्हता. शहरातील एका गॅरेजने तपासणी न करताच रेडिएटर बदलण्याचा सल्ला दिला. एवढा खर्च अंदाजावर करणे मला पटले नाही, म्हणून मी हाताने चालवायचा प्रेशर टेस्टर मागवला.

या संचात दाबाचा काटा असलेला छोटा पंप, रबरी नळी आणि वेगवेगळ्या मापांचे अडॅप्टर मिळतात. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण काढून तिथे मापाचा अडॅप्टर बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि काटा पाहत दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, एवढीच रीत आहे. बहुतेक गाड्यांच्या झाकणावर ०.९ ते १.१ बार, म्हणजे १३ ते १६ पीएसआय, असा आकडा असतो. त्याहून जास्त हवा भरल्यास जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी सांध्यातून फुटू शकते, आणि गरम इंजिनाचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते. म्हणून हे काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करावे.

या साधनाचे खरे मोल इथेच आहे. चालत्या गाडीत कूलंट ९० अंशांच्या आसपास तापलेले असते आणि बारीक गळतीचा थेंब गरम इंजिनावर पडताच वाफ होऊन जातो. मागे उरतो तो फक्त पांढरट किंवा हिरवट डाग. गार इंजिनात दाब भरला की तोच थेंब वाफ न होता जिथून निघतो तिथेच टिकून राहतो. आमच्या गाडीत काटा हळूहळू उतरू लागला, तेव्हा मी टॉर्च घेऊन होज पाईप, क्लिपा, वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र आणि रेडिएटरचे सांधे क्रमाने पाहिले. ते सगळे कोरडे होते. ओल सापडली ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या लोखंडी पाईपच्या तोंडाशी. होज काढल्यावर त्या तोंडावर गंजाचे खोल खड्डे दिसले. खाऱ्या पाण्याने पोखरलेल्या त्या पृष्ठभागावर क्लिप कितीही आवळली तरी पाणी थांबणे शक्य नव्हते. गावातल्याच मिस्त्रींनी तो पाईप आणि होज बदलले, सगळी यंत्रणा धुऊन डिस्टिल्ड वॉटर मिसळलेले कूलंट भरले, आणि त्यानंतर काटा जागचा हलला नाही. रेडिएटर मुळात निर्दोष होता.

संचात उणिवाही आहेत. अडॅप्टरचे रबरी वायसर हलक्या प्रतीचे असून तिथूनच हवा सुटली तर गाडीत गळती असल्याचा भास होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहावे लागते. काट्याच्या तबकडीवरील आकडेही फार बारीक आहेत.

बाहेर सगळे कोरडे असूनही काटा उतरत असेल, तर केबिनमधील हीटरखालचा गालिचा ओला आहे का आणि ऑईलच्या दांडीवर दुधी रंग दिसतो का, हे पाहावे. हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधला सांधा बंद ठेवणाऱ्या पत्र्याची) शंका असल्यास हा पंप निर्णायक उत्तर देत नाही. त्यासाठी टाकीतील हवा निळ्या द्रवातून ओढून घेण्याची वेगळी चाचणी असते, ज्यात इंजिनाचा जळका वायू मिसळत असल्यास द्रव पिवळा पडतो. खरेदीपूर्वी आपल्या गाडीच्या झाकणाच्या आट्यांचा अडॅप्टर संचात आहे की नाही, याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी, कारण आटे असलेल्या टाकीच्या प्रत्येक गाडीला चालेल असा एकच अडॅप्टर नसतो.