किनाऱ्याचे हवाई फोटो: ड्रोन की पतंग?

शेताचा नकाशा करायचा असेल तर सरळ ड्रोन घ्या. आखलेल्या रेषांतून फिरत, एकमेकांवर ७०-८० टक्के चढणारे फोटो तो शिस्तीत काढतो. पतंगाकडून ती अपेक्षाच नको. पण डोळ्यांसमोर मिठागरं, खाजणं, ओहोटीची वाळू असेल तर जरा थांबा.

मी दोन्ही वापरलेत. ड्रोनचं चित्र स्वच्छ येतं, चौकट हवी तिथे बसते, यात वाद नाही. मला नडली ती बॅटरी. खोक्यावर अर्धा तास लिहिलेला असतो. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात, परतीपुरती राखून, माझ्या वाट्याला वीसेक मिनिटंच येतात. ओहोटीला तेवढी घाई नसते. उन्हं कलली की ओल्या वाळूवरचे ओघळ उठून दिसू लागतात, आड आलेला ढग सरकायची वाट पाहावी, तर नेमकं तेव्हाच ड्रोन परतीचा धोशा लावतो. जादा बॅटऱ्या असल्या तरी उतरवा, बदला, पुन्हा तीच चौकट शोधा. शिवाय सगळा वेळ नजर पाण्याऐवजी टक्क्यांच्या आकड्यावर. ते मला सोसेना.

पतंगाला दुपारचे खारे वारे पुरतात. एकदा स्थिरावला की वारा आहे तोवर वरच. कॅमेरा पतंगाला न बांधता बराच खाली दोरीला टांगायचा, म्हणजे हिसके कमी बसतात. पिएर पिकाव्हे या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये सुचवलेली दोऱ्यांची फुलीदार टांगणी आजही कॅमेरा समतल ठेवते. १८८८ मध्ये आर्त्यूर बात्यूने फ्रान्समध्ये पतंगावरून फोटो काढला, तेव्हा शटर जळत्या वातीवर सुटायचं. आता कॅमेरा दर पाच सेकंदांनी आपणच फोटो काढतो. १९०६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्सने टिपलं, तेही पतंगांच्या माळेवरूनच.

पतंगावरचे पुष्कळ फोटो वाकडे येतात, टाकून द्यावे लागतात. दोरी जाड, विणीची घ्या, हातमोजे घाला. नायलॉन मांजा नकोच. विमानतळाजवळ दोन्ही नकोत. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी उडवण्याआधी रेड झोनचा, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवायला मनाई असलेल्या भागांचा, नकाशा पाहा.

ज्यांना मोजक्या वेळात नेमका एक फोटो हवा, त्यांना ड्रोन सोयीचा वाटेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी आधी पतंग घेईन आणि लागेल तेव्हा ड्रोन कुणाकडून तरी मागून आणेन.